डाव्या हाताचा डाव

लॅक्रोसची स्टिक मी पहिल्यांदा आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तेव्हा सांगलीहून प्रश्न आला, "एवढा मोठा झारा? कुणाचं कार्य काढलंयस?"

आईचं काही चुकलं नव्हतं. साडेतीन फुटांचा दांडा, टोकाला प्लॅस्टिकचं तोंड, त्या तोंडाला जाळी. बुंदी पाडायला आचारी घेतात तो झारा आणि फुलपाखरं धरायची जाळी यांची सोयरीक जमली, तर पोटी जे रत्न येईल ते हे. मी तिला खेळ समजावून सांगितला. बॉलला हात लावायचा नाही. झाऱ्यानेच तो जमिनीवरून उचलायचा, जाळीत सांभाळत पळायचं, दुसरीच्या झाऱ्यात टाकायचा, आणि शेवटी सहा फूट रुंद आणि सहा फूट उंच गोलात मारायचा.

"म्हणजे वाढप्यांची शर्यत," आई म्हणाली, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून गेली.

मी राहते अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, बाल्टिमोरपासून अर्ध्या तासावर. इथे वसंत आल्याचं झाडांच्या आधी शेजाऱ्यांच्या गाड्या सांगतात. मार्च उजाडला की प्रत्येक गाडीच्या मागच्या काचेतून दोन-चार स्टिका बाहेर डोकावू लागतात. या राज्याने १९६२ साली जाउस्टिंगला, म्हणजे भरधाव घोड्यावरून भाल्याने टांगलेल्या कड्या टिपायच्या खेळाला, आपला राज्यखेळ ठरवलं, आणि २००४ साली लॅक्रोसला राज्याचा सांघिक खेळ. घोड्यावरून कड्या टिपणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. लॅक्रोसची काठी कधीच हातात न धरलेला शेजारी शोधायचा तर मात्र बरंच चालावं लागेल. आमच्या गल्लीत तशी दोनच माणसं होती, मी आणि माझा नवरा. दोघं एकाच घरात असल्यामुळे चालायचीही गरज नव्हती.

लेक अकराव्या वर्षी खेळायला लागली. तिच्या कोचने गृहपाठ दिला, रोज कुणाशी तरी शंभर पास. नवऱ्याचा खांदा त्या वर्षी आखडलेला. त्यामुळे तो अंगणात खुर्ची टाकून बसायचा आणि क्रिकेटच्या भाषेत सल्ले द्यायचा. "बॉलच्या रेषेत ये. डोकं स्थिर ठेव." उरले मी. पहिल्या दिवशी लेकीने टाकलेल्या शंभरांतले चार माझ्या जाळीत आले, त्यातले दोन मला न कळता. आठवडाभर हे सोसल्यावर लेकीने कोचला काय सांगितलं माहीत नाही, पण दर शनिवारी सकाळी आयांसाठी शिकवणी असते, तिथे माझं नाव परस्पर नोंदवलं गेलं.

शनिवारी सकाळी आठ वाजता, हाडं गारठवणाऱ्या थंडीत, आम्ही अकरा बाया शाळेमागच्या मैदानावर उभ्या. सगळ्या चाळिशी ओलांडलेल्या. डोळ्यांवर तारांचे गॉगल, दातांवर रबरी कवच. कॉलेजात शिकणारी, वेणी घातलेली कोच म्हणाली, "स्टिक उचला. विचार करू नका, नुसती उचला."

मी उचलली. ती माझ्याकडे बघून जवळजवळ ओरडलीच, "यू आर अ लेफ्टी!"

मी दचकून स्टिक खाली ठेवली.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. हातातली वस्तू "डाव्या हाताने?" असं ऐकताक्षणी खाली ठेवायची, हे माझ्या अंगात वयाच्या चौथ्या वर्षापासून भिनलेलं आहे. आमच्या वाड्यात माझी आजी पाटावर बसून वाढायची. मी डाव्या हाताने घास उचलला की तिच्या हातातला भात वाढायचा पितळी डाव माझ्या मनगटावर बसायचा. डाव्या हाताला डावाने मार. तेव्हा हा श्लेष कळला नाही, मार कळला. पुढे शाळेतल्या बाईंनी उरलेलं काम फूटपट्टीने पुरं केलं. पाटी-पेन्सिल उजव्या हातात आली, प्रसाद उजव्या हातात आला, सुई, कात्री, विळी, हळदीकुंकू, सगळं उजवीकडे गेलं. डाव्या हाताकडे काय राहिलं ते तुम्हाला माहीत आहे. त्याशिवाय तुंबलेली मोरी मोकळी करणं, उंदराचा पिंजरा बाहेर नेणं, आणि कचऱ्याच्या डब्यात चुकून गेलेला चमचा शोधणं.

एकाच ठिकाणी त्याला मोकळीक होती. परसात, मोठी माणसं दुपारी आडवी झाली की, विटी-दांडू. तिथे मी दांडू डाव्या हाताने धरायची आणि भावाच्या दुप्पट लांब मारायची. आजी जागी झाल्याची खोकल्याने वर्दी मिळाली की दांडू उजवीकडे.

आणि आता ही एकविशीतली पोरगी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवत होती. तिने समजावून सांगितलं. गोलाकडे तोंड केलं की मैदानाच्या उजव्या अंगाला डावखुरी खेळाडू हवी असते, म्हणजे तिची काठी मधल्या बाजूला राहते आणि गोलाचा कोन मोठा मिळतो. अशा खेळाडू कमी असतात, म्हणून संघ त्यांना शोधत असतात. "तुला माहीत नव्हतं तू लेफ्टी आहेस?"

"मी उजव्या हाताने लिहिते."

"जेवतेस?"

"उजव्या."

"मग स्टिक डावीकडून का धरलीस?"

याचं उत्तर द्यायचं तर वाडा, आजी, पितळी डाव आणि भारतीय न्हाणीघर एवढं सगळं त्या थंडीत मैदानावर आणावं लागलं असतं. मी म्हटलं, "सांस्कृतिक कारणं आहेत." इथे हे वाक्य कुठेही चालतं. पुढे कुणी विचारत नाही.

त्या रात्री मात्र झोप लागेना. पडल्या पडल्या मी मराठी भाषेचा हिशेब मांडला आणि रागावत गेले. विश्वासाचा माणूस तो उजवा हात. मुलीचं लग्न लावून दिलं की ती उजवली. बाईला मूल झालं की कूस उजवली. पंगतीत एखाद्याला कमी वाढलं की डावं-उजवं केलं. हक्काच्या माणसाला बाजूला सारलं की डावललं. डाव्याच्या नावावर कौतुकाचा शब्द एकच सापडला, डाव्या हातचा मळ. तोही मळ.

नाही म्हणायला एक मानाची जागा आहे, ताटात. लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं ही सगळी डावी बाजू. भाजी-आमटी उजवीकडे, ती कुणीही करतं. आजीच म्हणायची की सुगरण ओळखायची ती डाव्या बाजूवरून. हे सांगताना तिच्या हातात तो पितळी डाव असायचा आणि माझ्या मनगटावर त्याची खूण. माणसं आपल्याच वाक्यांजवळून किती अलगद निघून जातात!

पुढच्या शनिवारी मी ताठ मानेने गेले. डावा हात वर, उजवा खाली. कोच म्हणाली, "छान. आता हात बदल."

म्हणजे त्यात अशी गोम होती. या खेळात एका हातावर भागत नाही. उजवीकडून कुणी अंगावर आलं की काठी डावीकडे न्यायची, डावीकडून आलं की उजवीकडे, म्हणजे तुमचं अंग मध्ये येतं आणि बॉल वाचतो. एकाच हाताने खेळणारी मुलगी पाच मिनिटांत ओळखू येते, मग समोरची तिच्या त्याच बाजूला येऊन उभी राहते. त्यामुळे सहा वर्षांच्या पोरीपासून कॉलेजच्या खेळाडूपर्यंत सगळ्यांचा एकच जप, दोन्ही हात, दोन्ही हात.

उजवा हात वर घेतला, आणि पन्नास वर्षं पोसलेल्या या हाताचं पितळ उघडं पडलं. हा हात सह्या करतो, नैवेद्य दाखवतो, बोट रोखून भांडतो. अंगमेहनतीची वेळ आली तेव्हा त्याने बॉल समोर न टाकता थेट पार्किंगमध्ये पाठवला. उभ्या असलेल्या बारा गाड्यांपैकी नेमकी आमची सापडली. डाव्याला जोर होता पण शिस्त नव्हती, उजव्याला शिस्त होती पण ती नुसती अक्षर वळणदार काढायची. मी धड डावीही नव्हते, धड उजवीही नाही. कोचला मात्र याचाच आनंद. "तुझे दोन्ही हात सारखेच वाईट आहेत," ती म्हणाली, "हे फार चांगलं आहे."

पहिला धडा क्रेडलचा. क्रेडल म्हणजे पाळणा, शब्दशः तेच. बॉल जाळीत ठेवून पळायचं तर काठी सारखी झुलवत ठेवावी लागते. पाण्याची बादली गरगर फिरवली की पाणी सांडत नाही, तेच इथे अर्ध्या झोक्यात करायचं. झोका चालू असेतो बॉल जाळीला चिकटून असतो, थांबला की टपकन खाली. पुरुषांच्या खेळात जाळीला खोल खोळ असते, त्यांचं बाळ झोळीत सुखाने पहुडतं. बायकांच्या स्टिकला नियमाने उथळ जाळी. स्टिक आडवी धरली की बॉलचा माथा कडेच्या वर दिसलाच पाहिजे. म्हणजे पुरुषांना झोळी आणि बायकांना ताटली, आणि वर सांभाळून न्या म्हणायचं. आम्हा अकराजणींपैकी कुणालाच याचं नवल वाटलं नाही.

मला वाटलं, हे आपल्याला जमेल. बारशांना गेलेली बाई आहे मी, झोके दिलेत. मी असा दणदणीत झोका दिला की बाळ तीन बायांपलीकडे जाऊन पडलं. कोच म्हणाली, वरच्या हाताचं मनगट वळव, खालच्या हाताची मूठ सैल सोड, दांडा तिच्यात नुसता फिरू दे. बाळ झोपवायचंय, उडवायचं नाही. यानंतर मी महिनाभर घरात रिकामी स्टिक कानाशी धरून झुलवत हिंडले. कुकर लावताना, फोनवर बोलताना, टीव्हीसमोर. नवऱ्याने एकदा विचारलं, "झोपलं का?"

दुसरा धडा जमिनीवरचा बॉल उचलण्याचा. याला इथे फार मान. गोल करणारीचं कौतुक होतं तसं लोळणारा बॉल झडप घालून उचलणारीचंही होतं, बाहेर उभे असलेले बाप "ग्राउंड बॉल!" म्हणून आरोळ्या ठोकतात. कोचने दाखवलं, बर्फ फावड्याने ओढतो तसं. मी मनात भाषांतर केलं, केर सुपलीत भरतो तसं. नवशिकी बाई काय करते? बॉलपाशी येऊन थांबते, वरून जाळी दाबते आणि बॉल पुढे लोळत जातो, ती पुन्हा मागे. करायचं असतं ते असं, दोन पावलं आधीच गुडघे वाकवायचे, दांड्याचं मागचं टोक इतकं खाली न्यायचं की बोटांची पेरं गवताला घासली पाहिजेत, आणि न थांबता बॉलच्या खालून, पलीकडे पळत जायचं. कोच म्हणाली, "खाली, अजून खाली." अकराजणी एकदम वाकलो आणि मैदानावर लाह्या फुटल्यासारखा आवाज झाला. कोचला वाटलं, फांदी मोडली.

टाकणं म्हणजे ताक घुसळणं. हे माझं स्वतःचं भाषांतर आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. वरचा हात पुढे ढकलतो, खालचा हात त्याच वेळी मागे ओढतो, रवीच्या दोरीसारखं. दोन्ही हात पुढे नेले तर ते ढकलणं होतं, त्याने बॉल चार फूट जातो. लवकर सुटला तर वर आभाळात, उशिरा सुटला तर पायाशी खड्डा. मी पहिले तीन आठवडे मुख्यतः खड्डे केले.

झेलणं सगळ्यात अवघड. बॉल टणक रबरी, दीडशे ग्रॅमपेक्षा थोडा हलका, म्हणजे क्रिकेटच्या बॉलहून फार कमी नाही. तो तोंडासमोर येताना दिसला की नवशिका माणूस त्याला स्टिकने मारायलाच जातो, जशी घरात शिरलेली पाल. जाळीच्या कडेला लागून तो कुठेही उडतो. कोच म्हणाली, अंडं येतंय असं समज, फुटू द्यायचं नाही, त्याच्याबरोबर मागे ये. आमच्या घरात अंडं आलं तेच माझ्या लग्नानंतर, त्यामुळे त्या उपमेने हात हलेना. मी पुरणपोळीचा विचार केला. लाटलेली पोळी तव्यावर जाताना हातावर कशी घेतो, तिच्या वजनाबरोबर हात कसा खाली जातो, जरा अडवलं की कशी फाटते. चौथ्या शनिवारी एक पोळी न फाटता आली. आवाजच होत नाही झेल नीट बसला की, जाळी नुसती हुं करते. मी इतकी हरखले की पुढे टाकायचं विसरले आणि स्टिक घेऊन तशीच उभी राहिले. पलीकडची बाई म्हणाली, "हनी, आम्हालाही खेळायचंय."

त्या रबरी बॉलबद्दल एक सांगायचं राहिलं. पूर्वी हा बॉल हरणाच्या कातड्याचा, आत केस भरलेला असायचा. १८६७ साली माँट्रिअलच्या विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी खेळाचे नियम लिहून काढले आणि कातड्याऐवजी टणक रबर आणलं. हे बीअर्स व्यवसायाने दातांचे डॉक्टर. मी यावर काही बोलत नाही.

त्यांनी नियम लिहिले म्हणून त्यांना या खेळाचा जनक म्हणायची पद्धत आहे. जनक म्हणे! १६३६ साली ज्याँ द ब्रेबफ नावाच्या फ्रेंच पाद्र्याने ह्युरॉन या मूळ रहिवाशांबद्दल लिहिताना त्यांच्या काठीला 'क्रॉस' म्हटलं होतं, तिथून हे फ्रेंच नाव चिकटलं. खेळ त्याच्याही कितीतरी आधीचा. आमच्या घरापासून उत्तरेला पाच-सहा तास गाडी हाकली की सिरॅक्यूज लागतं, त्याच्या शेजारी ओनोंडागा लोकांची भूमी. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा, सेनेका आणि टस्करोरा ही सहा राष्ट्रं मिळून होडिनोशोनी, ज्यांना बाहेरच्यांनी इरोक्वॉय हे नाव दिलं. त्यांच्या लेखी हा विधात्याचा खेळ. विधात्याच्या करमणुकीसाठी खेळायचा, आणि कुणी आजारी असेल तर औषध म्हणूनही खेळायचा. काठी हिकरीच्या लाकडाची, वाफेवर वाकवून महिनोन्‌महिने वाळवलेली. मुलगा जन्मला की पाळण्यात त्याच्याजवळ छोटी काठी ठेवतात, आणि तो म्हातारा होऊन गेला की काठी त्याच्याबरोबर पुरतात. पाळण्यात काठी आणि काठीत पाळणा. हे वाचल्यापासून मी घरात फिरताना जरा हळू झुलवायला लागले.

पण त्यांची ती लाकडी काठी बाईने हाताळायची नाही असा जुना दंडक आहे. मला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण पुण्याला पर्वतीवरच्या कार्तिकस्वामीसमोर कडेकडेने, मान वळवून पुढे गेलेल्या मावश्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्यामागून मीही तशीच गेले आहे. दुसऱ्याच्या सोवळ्याला हसण्याआधी आपलं वाळत घातलेलं आठवतं. आता होडिनोशोनी मुलींचाही संघ आहे, प्लॅस्टिकच्या तोंडाच्या स्टिका घेऊन. १९७० साली आलेल्या या प्लॅस्टिकच्या तोंडाने बराच गोंधळ केला, त्यातला हा एक बरा.

बायकांचा लॅक्रोस तर कुठून कुठे फिरून आमच्या दाराशी आला आहे. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या सेंट लेनर्ड्स या मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका लुईसा लम्सडेन यांनी १८८४ साली कॅनडात हा खेळ पाहिला आणि १८९० साली त्यांच्या शाळेत मुलींचा पहिला सामना झाला. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ साली बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत तो सुरू केला. म्हणजे खेळ जन्मला इथल्या मातीत, समुद्र ओलांडून इंग्रजी उच्चार शिकला, आणि लांब झगा घालून परत आला. आमच्याकडून गेलेला योग जसा इथे चटईसकट भेटतो.

आणि ज्यांचा खेळ, ते? १८८० साली कॅनडाच्या राष्ट्रीय लॅक्रोस संघटनेने हौशी खेळाडूंपुरतीच दारं उघडी ठेवली आणि मूळ रहिवाशांना अजिंक्यपदाबाहेर ठेवलं. ते पैसे घेऊन खेळतात, असं कारण. २०१० साली मँचेस्टरला जागतिक स्पर्धा होती. होडिनोशोनी संघ स्वतःच्या राष्ट्राच्या पासपोर्टवर निघाला होता, ब्रिटनने तो मानला नाही, आणि ज्यांनी जगाला हा खेळ दिला ते न्यूयॉर्कमध्येच अडकून पडले. व्हिसाच्या रांगेत कागद छातीशी धरून उभी राहिलेली कुठलीही बाई हे वाचून गप्प बसेल. मीही बसले. डावलणं या क्रियापदाला मी त्या रात्री उगाच रागावले नव्हते.

याला एक गोड शेपूट आहे. २०२२ च्या वर्ल्ड गेम्समध्ये त्यांना आधी जागाच मिळाली नव्हती. तेव्हा आयर्लंडच्या संघाने आपली जागा सोडली, तुमच्यावाचून हा खेळ कसला म्हणून, आणि त्यांना जाता आलं. २०२८ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये लॅक्रोस सहा-सहा खेळाडूंच्या रूपात परत येतोय, १९०४ आणि १९०८ नंतर पदकांसाठी पहिल्यांदाच. १९०४ साली सेंट लुइसला तीन संघांत एक संघ मोहॉकांचा होता. आता स्वतःच्या झेंड्याखाली उतरता यावं म्हणून त्यांची खटपट चालली आहे. आईला हे सांगितलं तर तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यात तुझा नंबर लागेल का?"

"अगं आई, मी बावन्न वर्षांची आहे."

"मग काय झालं? उजव्या हाताने खेळ म्हणजे लागेल."

सहा शनिवार संपले. शिकवणी संपली, बाया पांगल्या, लेक तिच्या मैत्रिणींबरोबर खेळू लागली. मला मात्र सवय लागली होती. आता मी भिंतीशी खेळते. याला वॉल बॉल म्हणतात, आणि इथले जाणते सांगतात की याच्यासारखा गुरू नाही. शाळेच्या मागे विटांची, बिनखिडक्यांची भिंत आहे. दहा पावलांवर उभं राहायचं, बॉल मारायचा, परत आलेला झेलायचा. पन्नास डाव्याने, पन्नास उजव्याने. भिंत लबाडी करत नाही आणि सल्लेही देत नाही, हा तिचा नवऱ्यापेक्षा वेगळेपणा. वाकडा दिला की वाकडा परत. संध्याकाळी कुत्री फिरवणारी माणसं जाता-येता थांबतात. एक आजोबा रोज विचारतात, "कुठल्या संघात खेळतेस?" मी म्हणते, भिंतीच्या विरुद्ध.

न सांडता डाव्याचे एकतीस झाले, हा माझा उच्चांक. उजव्याचे नऊ. नऊ झाले त्या दिवशी मी उजव्याचं कौतुक केलं, कारण त्या बिचाऱ्याची कुणी परीक्षाच घेतली नव्हती कधी. सगळं आयतं ताटात, तेही उजव्या बाजूला वाढलेलं.

काल दहावा होता. आला, जाळीच्या कडेला लागला आणि माझ्या डोक्यावरून मागच्या रानात गेला. हे रान म्हणजे पॉयझन आयव्हीची पैदास. तीन-तीन पानांच्या चकचकीत वेली, हात लागला की दोन आठवडे खाज आणि पाण्याचे फोड. शाळेतल्या मुलांना हे पहिलीतच शिकवतात आणि मला ते अनुभवाने आलंय. बॉल दिसत होता. पिवळाधमक, तीन वेलींच्या मधोमध, हात घालावा लागेल एवढ्या आत. स्टिक जाईना, फांद्या आड येत होत्या.

बाही खाली ओढली. डावा हात सवयीने पुढे निघालाच होता, मोऱ्या, पिंजरे आणि कचऱ्याचे डबे अंगवळणी पडलेला. मी त्याला थांबवलं, पाठीमागे धरला, आणि उजवा आत घातला.